लॅटिनचं 'एओ' शिकायचंय? मग इंग्रजीतून जाऊ नका, मराठीतून जा

भाची लॉ करतेय, नेरुळला राहते, आणि परीक्षा जवळ आली की तिचे मेसेज रात्री साडेअकरानंतरच येतात. मागच्या महिन्यात आला तो असा, "मामा, ॲब इनिशिओ आणि ओबिटर डिक्टम हे दोन्ही लॅटिन ना, मग यांचं काही नातं आहे का, मला सारखे उलटसुलट होतात." (दोन्ही कोर्टातल्या संज्ञा, अर्थ पुढे सांगतो.) मी राहतो ठाण्यात, नोकरी वाशीला, लॅटिन कॉलेजात वगैरे कुठे शिकलो नाही, ट्रान्सहार्बर लोकलला बसायला मिळालं की वही काढायची, ऐरोली येईपर्यंत एक पाठ आणि कोपरखैरणे येईपर्यंत त्याची उजळणी, असं करत जे काय जमलं तेवढंच. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. नातं आहे आणि सख्खं आहे. दोन्हीच्या पोटात एकच क्रियापद बसलंय, एओ, म्हणजे 'मी जातो'.

तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की मी स्वतः हे क्रियापद उलट्या रस्त्याने शिकलो. इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकातून. तिथे सांगतात की हे अनियमित क्रियापद आहे, पाठ करा, आणि खाली अपवादांची यादी देतात. गंमत म्हणजे त्यातले निम्मे अपवाद मराठी बोलणाऱ्याला अपवाद वाटायलाच नकोत, कारण आपण रोज तेच करतो. मी मात्र ते सगळं इंग्रजीच्या चष्म्यातून घोकत बसलो आणि सहा महिने वाया घालवले. तुम्ही घालवू नका.

आधी वाचायचं कसं ते. मी इथे लॅटिन देवनागरीत लिहितोय आणि त्याचा एक फायदा आहे, लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाला अर्थ असतो आणि रोमन लिपीत साध्या छपाईत तो दिसत नाही, आपल्याकडे इ-ई, उ-ऊ, अ-आ सरळ दिसतात (फक्त पुढे येणाऱ्या आद, आब, आदेओ, आबेओ, मिस्सा, ग्लोरिआ यांत मी सवयीने आ लिहिलाय, तो आखूड म्हणा). ए आणि ओ ची लांबी मात्र आपल्यालाही दाखवता येत नाही, त्यामुळे पुढे एका ठिकाणी गोची होणार आहे, तेव्हा सांगतो. शब्दाच्या शेवटचं व्यंजन पाय मोडल्यासारखं वाचा.

वर्तमानकाळ असा. एओ (मी जातो), ईस (तू जातोस), इत (तो जातो, ती जाते), ईमुस (आम्ही जातो), ईतिस (तुम्ही जाता), एउन्त (ते जातात). आता शाळेत संस्कृत घेतलं असेल तर धातुपाठातला 'इण् गतौ' आठवा, अदादि गण. एमि, एषि, एति, अनेकवचनात इमः, इथ, यन्ति. शेजारी ठेवून बघा. इमः आणि ईमुस, एति आणि इत. जुन्या लॅटिनमध्ये तर इत हे एइत असंही लिहायचे, म्हणजे एति च्या अजून एक पाऊल जवळ. 1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं जे भाषणात सांगितलं ते कशाच्या जोरावर, हे कळायला ही एक जोडी पुरते. ग्रीकमध्येही हाच धातू आहे, आणि बॅटरीतला 'आयन' तिथूनच आलाय, फॅरेडेने 1834 मध्ये तो शब्द वापरात आणला, अर्थ 'जाणारा'.

बाकीच्या काळांसाठी एकच नियम लक्षात ठेवा, पुढे अ, ओ, उ आला की धातू 'ए' होतो आणि नाहीतर 'ई'च्या घरात राहतो. म्हणून एओ, एउन्त, एअम, पण ईस, ईरे (जाणे), ईबम (मी जात होतो), ईबो (मी जाईन). भूतकाळ इई, म्हणजे 'मी गेलो', तिसऱ्या पुरुषात इइत. विध्यर्थ एअम, एआस, एअत, आणि त्यातलं एआमुस म्हणजे आपलं रोजचं 'चला!'. आज्ञार्थ तर नुसता 'ई'. एका अक्षराचं अख्खं वाक्य, ई म्हणजे जा. अनेकवचनात ईते. जुन्या लॅटिन मिसाच्या शेवटी पाद्री 'ईते, मिस्सा एस्त' म्हणून लोकांना घरी पाठवायचे, त्यातलं ईते हेच, आणि त्यातल्या मिस्सावरूनच त्या विधीला मिसा नाव पडलं. काळांचं एवढं पुरे, तक्ते कुठेही मिळतात, आणि तक्ता पाठ झाला म्हणून क्रियापद वापरता येतं असं नाही.

खरी मजा 'कुठे जातो' या प्रश्नात आहे. लॅटिनमध्ये साधारण नियम असा की एखाद्या ठिकाणाकडे जायचं तर 'आद' लावायचं आणि आत शिरायचं तर 'इन', आणि पुढे द्वितीया. इन उर्बेम म्हणजे शहरात (जातो). पण गावांची शहरांची नावं असली की काहीच लावायचं नाही, नुसती द्वितीया, रोमम एओ, रोमला जातो. आणि मग पुस्तक सांगतं की आणखी दोन अपवाद पाठ करा, दोमुस म्हणजे घर आणि रूस म्हणजे गावाकडचा भाग, शेतीवाडी. यांनाही आद लागत नाही. दोमुम एओ. रूस एओ.

मी हे अपवाद म्हणून घोकले. आणि एका शुक्रवारी ऑफिसातल्या एकाने विचारलं, "काय, सुट्टीत कुठे?" आणि मी म्हटलं, "गावी जातोय." आणि जागच्या जागी थांबलो. गावी! गावाला पण म्हणतो, पण गावी म्हणतो. आणि घरी जातो, घराला जातो असं कुणी म्हणतं का? बाजाराला, बाजारात, ऑफिसला, ऑफिसात, पण घरी आणि गावी. मराठीत हे दोन शब्द (आणि सासरी-माहेरीसारखे थोडेच) जुनी सप्तमी धरून बसलेत आणि लॅटिनमध्ये गावांची नावं सोडली तर नेमके याच दोन शब्दांना आद चालत नाही. माणूस ज्या दोन जागी सगळ्यात जास्त वेळा जातो त्या शब्दांना प्रत्ययांचे नवीन कपडे कुणी घालत नाही बहुतेक, घरातल्या माणसासारखं.

तर तक्ता असा बसतो. दोमुम म्हणजे घरी (जातो), दोमी म्हणजे घरी (आहे), दोमो म्हणजे घरून (निघालो). रूस म्हणजे गावी (जातो), रूरी म्हणजे गावी (आहे), रूरे म्हणजे गावाहून. फरक एवढाच की मराठीत 'घरी जातो' आणि 'घरी आहे' एकच, लॅटिनमध्ये दोन वेगळे. म्हणजे तुम्हाला नवीन शिकायचंय ते फक्त हे.

ठाणेकरांसाठी एक खास उदाहरण. ठाण्याचं नाव चौदाव्या शतकातल्या लॅटिनमध्ये खरंच आलंय. 1321 मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू मारले गेले, नंतर ओदोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी येऊन त्यांच्या अस्थी घेऊन गेला, आणि त्या लॅटिन वृत्तांतात आपल्या गावाचं नाव ताना असं येतं. म्हणजे बिनधास्त म्हणा, तानम एओ, ठाण्याला जातो. आद तानम म्हणालात तर अर्थ बदलेल, ठाण्याच्या आसपास, ठाण्याच्या दिशेने. मुलुंडला फ्लॅट घेऊन 'ठाण्यालाच आहे हो' म्हणणारे लोक आद तानम. (मुलुंडकरांनी रागावू नये, उलटं म्हणणारेही आहेत.)

कशाने जातो हे तृतीयेसारख्या विभक्तीने दाखवतात, तेही शब्दयोगी काही न लावता. पेदिबुस एओ, पायी जातो. याच्यावरून रोमन सिनेटमधली पद्धत आठवते, मतदान म्हणजे हात वर नाही, ज्याचं म्हणणं पटलं त्याच्या बाजूला चालत जाऊन उभं राहायचं, आणि त्याला म्हणायचे पेदिबुस इन सेन्तेन्तिअम ईरे, पायांनी मतात जाणे. आपल्याकडे पण बाजू बदलतात लोक, जाऊ दे. आद रेम रेदेआमुस, म्हणजे मुद्द्यावर येऊ, यातलं रेदेआमुस पण एओचंच पिल्लू, पुढे येईल.

दुसरी गोष्ट, काय करायला जातो. झोपायला जातो, हे इंग्रजीवाल्यांना लॅटिनमध्ये अवघड जातं, कारण त्यांना तिथे साधं 'टू'वालं रूप वापरायची सवय, आणि चांगल्या गद्यात जाण्यायेण्याच्या क्रियापदानंतर ते चालत नाही. तिथे '-तुम' लागतं. कुबितुम एओ, आडवं व्हायला जातो, म्हणजे झोपायला जातो. आपल्याला? झोपा-यला जातो. त्या जागी त्याच कामाचा प्रत्यय. आणि संस्कृतात गन्तुम्, पठितुम् यातलं तुम् हे लॅटिनच्या तुमचं सख्खं भावंड आहे, हा योगायोग नाही.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यात आवडती. मला घरी जायचंय. याचं लॅटिन, मिही दोमुम एउन्दुम एस्त. मिही म्हणजे मला. चतुर्थी. इंग्रजीत 'मी' कर्ता होऊन बसतो, लॅटिनमध्ये आणि मराठीत मी बाजूला, 'मला', आणि जाणं आपलं आपलं होणार आहे, असा भाव. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे रोमन पण रोज सहा वाजता हेच म्हणत असणार." तसंच इतुर हे रूप, कर्त्याचा पत्ताच नाही, नुसतं जाणं चाललंय, संस्कृतातलं गम्यते. मराठी व्याकरणात भावे प्रयोग डोक्यावरून गेला असेल त्यांना पण 'मला जाववत नाही' म्हणता येतं ना, मग इतुर कळायला काही अडचण नाही.

आता लॉवाल्यांसाठी. रोमन कायद्याची सुरुवात जिथून सांगतात त्या बारा पाट्या, इ.स.पू. 451-450 च्या मानतात. त्यातलं पहिलं वाक्य, सी इन यूस वोकत, ईतो. कोर्टात बोलावलं तर जावं. ईतो हे एओचंच आज्ञार्थी रूप, कायद्याच्या भाषेतलं, 'जावं', 'जाणे'. आणि लगेच पुढे नी इत, म्हणजे नाही गेला तर, मग साक्षीदार ठेवा आणि त्याला धरा. म्हणजे रोमन कायद्याने तोंड उघडल्या उघडल्या दोनदा हेच क्रियापद वापरलं. इन यूस ईरे म्हणजे कोर्टाची पायरी चढणे. भाची हे वाचून एवढी खुश झाली की तिने व्हॉट्सॲपचं स्टेटसच ईतो ठेवलं, आणि तिच्या आईला वाटलं इटो म्हणून कुणी जपानी मुलगा आहे.

मग उपसर्ग. इथेच या क्रियापदाचा खरा संसार आहे, आणि इथेच इंग्रजीवाले तक्ते देऊन पळून जातात. पद्धत सोपी आहे, संस्कृतात धातूला उपसर्ग लागून अर्थ कसा पलटतो ते आपल्याला माहीत आहे, तेच इथे. इ धातूचे मराठीतले वंशज आधी मोजा. उदय, व्यय, समय, उपाय, अन्वय, पर्याय, अध्याय, प्रत्यय, अभिप्राय, सगळ्यात शेवटचा 'अय' म्हणा किंवा 'आय' म्हणा, तो हाच 'जाणं'. व्यय म्हणजे वि-अय, लांब गेलं, पैसे गेले. आता लॅटिन बघा.

प्रायतेरेओ, बाजूने पुढे निघून जातो, वगळतो. फास्ट लोकल मुलुंड-भांडुपला न थांबता जाते ते प्रायतेरेओ. त्याचं कृदंत प्रायतेरितुम, म्हणजे 'मागे पडलेलं, होऊन गेलेलं', व्याकरणात भूतकाळ. आपल्याकडे अतीत, अति अधिक इत, पलीकडे गेलेलं. शब्दाची बांधणी तीच, अर्थ तोच. उपसर्ग सख्खे नाहीत हे लक्षात ठेवा, जोडायची रीत एक आहे.

कोम अधिक इत, एकत्र गेलेले, यावरून कोमितिउम, रोममधली लोकांची सभा भरायची ती जागा. सम् अधिक इति, यावरून समिती. पंचायत समिती म्हणताना तुम्ही जवळजवळ कोमितिउम म्हणताय. बरोबर जाणारा तो कोमेस, सोबती, मग राजाचा सोबती, आणि त्यावरूनच युरोपातले ते काउंट लोक.

किर्कुमेओ, भोवती फिरतो. संध्याकाळी तलावपाळीला मासुंद्याला चक्कर मारणारे सगळे. त्यावरून सर्किट. आपल्याकडे परि-अय, पर्याय, मूळ अर्थ फिरून येणारी पाळी, मग एकाच्या जागी येणारा दुसरा.

त्रान्सेओ, ओलांडतो. आणि इथे एक नीट समजून घ्या. नुसतं एओ अकर्मक आहे, पण असे उपसर्ग लागले की ते चक्क कर्म घेतं. ठाण्याची खाडी म्हणजे भरतीचं पाणी आत येतं तो भाग, लॅटिनमध्ये आयस्तुआरिउम. ऐरोलीच्या पुलावरून गेलात की आयस्तुआरिउम त्रान्सेओ, खाडी ओलांडतो, मध्ये काही नाही. मराठीतही 'खाडीला ओलांडतो' म्हणत नाही. सकर्मक क्रियापदाला इंग्रजीत ट्रान्झिटिव्ह म्हणतात तेही यावरूनच, क्रिया कर्त्याकडून ओलांडून कर्मावर जाते म्हणून. ट्रान्झिट हा शब्दही यातूनच, त्रान्सितुस या नामावरून, आणि लॅटिनमध्ये नुसतं त्रान्सित म्हटलं तर ते अख्खं वाक्य होतं, 'तो ओलांडतो, निघून जातो'. पोपच्या राज्याभिषेकात त्याच्यासमोर धाग्यांचा पुंजका पेटवून सिक त्रान्सित ग्लोरिआ मुन्दी म्हणायचे, जगाचं वैभव असं निघून जातं, शेवटचा तसा राज्याभिषेक 1963 चा. आपल्याकडे ट्रान्झिट कॅम्पातले लोक वीस-वीस वर्षं तिथेच, त्रान्सित काही होत नाही.

एक्सेओ, बाहेर जातो. मॉलमधल्या हिरव्या पाटीवरच्या एक्झिटमागेही असंच वाक्य आहे, एक्सित, 'तो बाहेर जातो', नाटकाच्या संहितेत पात्र गेलं की लिहायचे, दोघंतिघं गेले तर एक्सेउन्त. आबेओ म्हणजे निघून जातो. इ.स.पू. 63 मध्ये कट रचणारा कातिलिना रोममधून पळाला तेव्हा रोमचा प्रसिद्ध वक्ता आणि वकील सिसेरो एका दमात चार क्रियापदं म्हणाला, आबिइत, एक्सेस्सित, एवासित, एरूपित. गेला, निघाला, सटकला, फुटून बाहेर पडला. पहिलं त्यातलं आपलं.

इनेओ, आत जातो, म्हणजेच सुरू करतो. त्यावरून इनितिउम, सुरुवात. आब इनितिओ, सुरुवातीपासून, म्हणजे करार मुळातूनच रद्दबातल. आणि ओबिटर? ओब अधिक इतेर, इतेर म्हणजे वाट, प्रवास, तोही याच धातूचा, आयटिनररी तिथलीच. ओबितेर म्हणजे वाटेत, जाता जाता. न्यायाधीश जाता जाता जे बोलून गेले ते ओबिटर डिक्टम, ते बंधनकारक नाही. मराठीत 'जाता जाता' म्हटलं की हा शब्द जन्मात विसरायचा नाही. भाची म्हणाली एवढं सोपं असेल तर सरांनी का नाही सांगितलं.

रेदेओ, परत येतो. मधला द कुठून आला विचारू नका, स्वर समोर आला की रे चं रेद होतं एवढं पुरे, प्रोदेओचंही (पुढे येतो) तेच. इन ग्रातिअम रेदीरे म्हणजे अबोला सोडून पुन्हा बोलायला लागणे.

सुबेओ, खाली जातो, आणि खालून वर पण येतो, दोन्ही. पण जास्त कामाचा अर्थ म्हणजे अंगावर घेणे, सोसणे, धोका, शिक्षा. संकटाला सामोरं 'जाणे'. याच्या सुबितुस या रूपावरून इंग्रजीतलं सडन आलं, अचानक उगवलेलं.

पेरेओ. पेर म्हणजे पार. पार गेला, कामातून गेला, मेला. पेरिशेबल माल. आणि ओबेओ, मृत्यूला भेटायला जातो, म्हणून ओबिइत, वारला, म्हणून ऑबिच्युअरी. इंग्रजीवाल्यांना हे काव्यमय वाटतं, आपल्याला काहीच नाही, आपण रोज म्हणतो 'आजोबा गेले'. आणि प्रेत म्हणजे काय, प्र अधिक इत, पुढे गेलेला.

अम्बिओ, दोन्ही बाजूंनी फिरतो. हे एक एओचं मूल असून चालतं मात्र नियमित क्रियापदासारखं, तेवढं लक्षात असू द्या. याच्यावरून अम्बितिओ, आणि त्याचा रोममधला मूळ अर्थ महत्त्वाकांक्षा नव्हे, तर प्रचारफेरी. उमेदवार खडूने पांढरा केलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) घालून फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, लोकांना भेटत फिरायचे, हात मिळवत, नाव घेऊन विचारपूस करत. अगदी वॉर्डातल्या निवडणुकीत दारोदार फिरतात तसंच. फिरण्यात पैसे वाटणं आलं की तो गुन्हा, त्याला अम्बितुस म्हणत. इ.स.पू. 63 मध्ये सिसेरोने कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, म्हणून त्याविरुद्धचा कायदा कडक केला आणि त्याच वर्षी त्याच आरोपातल्या मुरेनाची वकिली करून त्याला सोडवलंही. आणि सेदितिओ म्हणजे वेगळं होऊन जाणं, फूट, त्यावरून सेडिशन. अँबिशन आणि सेडिशन चुलत भावंडं, हे मला फार आवडतं.

एक राहिलं, वेनेओ. वेनुम एओ, विक्रीला जातो, म्हणजे विकला जातो. इथे बघा, मराठीत कर्मणी करायचं तर आपण जाणेच वापरतो, घर विकलं गेलं, काम केलं गेलं. लॅटिनमध्ये 'विकणे'चं कर्मणी म्हणून चक्क हे जाण्याचं क्रियापद चालतं, आणि 'नासवणे'चं कर्मणी म्हणून वरचं पेरेओ. भविष्यकाळाच्या एका कर्मणी रूपात तर उघड उघड ईरी लावतात. म्हणजे कर्मणीला 'जाणे' हे त्यांनाही सुचलंय.

आणि इथेच ती गोची. वेनेओचं 'विकलं जाणे' म्हणजे वेनीरे, आणि येणे म्हणजे पण वेनीरे. फरक फक्त पहिल्या ए च्या लांबीत, विकण्यातला लांब, येण्यातला आखूड, आणि देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. मी एकदा 'दास आले' असं भाषांतर करून पुढे दोन पानं त्या दासांची वाट बघितली. ते विकले गेले होते.

बाकी सापळे पण सांगून टाकतो, सगळे दोन-तीन अक्षरी आहेत. एओ म्हणजे मी जातो, पण एओ म्हणजे 'तिकडे' सुद्धा आणि 'त्याच्यामुळे' सुद्धा, अक्षराचा फरक नाही. ईस म्हणजे तू जातोस पण इस म्हणजे तो, इथे देवनागरी वाचवते. एअम म्हणजे मी जावं, किंवा तिला. एआस म्हणजे तू जावंस, किंवा त्यांना (बायकांना). आदेओ म्हणजे जवळ जातो, किंवा 'इतकं'. ओळखायचं कसं? वाक्यात दुसरं क्रियापद आहे का बघा. असेल आणि त्याला कर्म हवं असेल तर एअम बहुतेक 'तिला' आहे. नसेल तर जाणं आहे. दहापैकी आठ वेळा एवढ्यावर भागतं, उरलेल्या दोनदा पूर्ण वाक्य परत वाचायचं.

इतकं छोटं क्रियापद टिकणार कसं, तसं ते टिकलंही नाही पूर्ण. ईस, इत, ई, बोलताना ऐकूच येत नाही. मग लोकांनी वादो हे जड क्रियापद उचललं. लॅटिन बायबलमध्येसुद्धा कुठे चाललास याला क्वो वादिस आहे, क्वो ईस नाही. आज इटालियनमध्ये मी जातो म्हणजे वादो. स्पॅनिशमध्ये जाणे म्हणजे ईर, पण मी जातो म्हणजे बोय (वादोचा नातू) आणि मी गेलो म्हणजे फुई, ते तर असण्याच्या क्रियापदाचं. फ्रेंचमध्ये भविष्यकाळात अजून ईरे डोकावतं. विचित्र वाटत असेल तर स्वतःकडे बघा, आपण जातो म्हणतो ते संस्कृत याति वरून आणि गेलो म्हणतो ते गत वरून, दोन वेगळे धातू एका संसारात नांदतायत आणि आपल्याला पत्ता नाही.

सराव कसा करायचा तर प्रवासात. मी पाट्या वाचत नाही, हालचाली बघून मनात क्रियापद म्हणतो. दार उघडलं, लोक उतरले, एक्सेउन्त. समोरून गाडी न थांबता गेली, प्रायतेरित. पाच वाक्यं देतो, वाशी येईपर्यंत लिहून बघा, मगच खाली बघा.

मी घरून निघते. गावी जाऊया. तो झोपायला गेला. तुला ठाण्याला जायला हवं. घर विकलं जातंय.

उत्तरं. दोमो एक्सेओ. रूस एआमुस. कुबितुम इइत. तिबी तानम एउन्दुम एस्त (तिबी म्हणजे तुला, आणि आद लावला असेल तर खोडा). दोमुस वेनित. शेवटच्यात दोमुम लिहिलं असेल तर परत बघा, घर इथे कुठे जात नाहीये, घर कर्ता आहे, म्हणून दोमुस, आणि वेनितमधला ए लांबवून म्हणा, आखूड म्हणालात तर घर चालत येईल.